वरचं ठेवायचं, तळाचं टाकायचं

आमची वहिनी उलट बोलते, असं आमच्या घरातही म्हणतात आणि हॉस्पिटलातही. दोन्हीकडची माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तरी मत अगदी एक. मी मात्र दोन्हीकडे असते. घरी मी तिची नणंद, आणि हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स. तिला आमच्या घरात आणली तीही मीच. दादाला एकही मुलगी पसंत पडत नव्हती, तेव्हा मी आईला म्हटलं, "आमच्या थिएटरात एक आहे. हुशार आहे, कामाला वाघ आहे, जरा फटकळ आहे एवढंच." आईने हुशार तेवढं ऐकलं. फटकळ तिने नंतर ऐकलं, रोज.

वहिनीचं काम म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणं. थिएटरात त्याला सगळे पंप म्हणतात. सर्जन हृदय थांबवून आत शिवणकाम करत असतात, तेवढा वेळ पेशंटचं रक्त नळ्यांमधून पंपात येतं, प्राणवायू घेतं आणि परत अंगात जातं. म्हणजे तेवढ्यापुरतं पेशंटचं हृदयही वहिनी आणि फुप्फुसंही वहिनी. बसायला एक बुटकं लोखंडी स्टूल. थिएटर गार असतं म्हणून पायात मोज्यांचे दोन जोड. डावा हात कायम नळीवर, कारण पडद्यावर आकडा दिसायच्या आधी नळीची थरथर हाताला कळते, असं ती म्हणते. ऑपरेशनच्या आधी उभ्या उभ्या एक केळं खाते आणि मग कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

आईला हे काम कधीच पटलं नाही. सून रक्तात हात घालून घरी येते, हा विचारच तिला सहन होत नसे. वहिनीने घासलेली भांडी ती पुन्हा घासायची, तिच्यासमोर, आवाज करून. वहिनी म्हणायची, "आई, मी हातमोजे घालून काम करते. तुम्ही घालता का?" की झालं सुरू. दादा अशा वेळी कचऱ्याची पिशवी उचलून खाली जायचा. आमच्या घरातला कचरा दिवसातून दोनदा खाली जात असे, त्याचं कारण हे.

मग आईला जिन्यात धाप लागायला लागली. आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत थांबत थांबत यायची, मग पहिल्याच मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायला लागली. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायची. हृदयाची झडप आक्रसली होती, आणि मागे तुंबलेल्या रक्तामुळे फुप्फुसांत पाणी धरलं होतं. झडप बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण ऑपरेशनच्या तयारीत तिचं रक्त तपासलं आणि रक्तपेढीतला माणूस स्वतः वर आला. आईचा रक्तगट इतका दुर्मिळ निघाला, की त्याच्याकडे काय, त्याच्या ओळखीतल्या कुठल्याच पेढीत एक पिशवी नव्हती. माझं जुळलं नाही, दादाचं जुळलं नाही. आईचंच काढून साठवावं, तर तिच्या अंगात आधीच रक्त कमी. कसल्याही बाबतीत चारचौघांसारखी नसलेली माझी आई रक्तातही तशीच निघाली, याचं तिला मनातून कौतुकच वाटलं असावं.

आमचे सर्जन, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणतो, त्यांनी मार्ग काढला. ते उगाच मोठे नाहीत. प्राणवायू वाहून नेणारं एक कृत्रिम द्रव नुकतंच वापरायची परवानगी त्यांना मिळाली होती. दिसायला थेट दुधासारखं, म्हणून थिएटरात त्याचं नावच दूध पडलं. पंपाच्या नळ्या एरवी सलाइनने भरतात, पण आईचं आधीच पातळ असलेलं रक्त त्याने आणखी पातळ झालं असतं. त्याऐवजी दूध भरायचं, म्हणजे आईचं रक्त कमी असलं तरी प्राणवायू पोचत राहील. काम झालं की ते दूध रक्तातून काढायचं आणि आईचं रक्त आईला परत द्यायचं.

दूध बनवणाऱ्या कंपनीचा एक प्रतिनिधी समजवायला आला होता. तो म्हणाला, "थोडं राहिलं तरी चिंता नको. ते श्वासावाटे आपोआप बाहेर पडतं."

"कोणाच्या श्वासावाटे?" वहिनीने विचारलं.

"पेशंटच्या."

"आणि पेशंटची फुप्फुसंच पाण्याने भरलेली असली तर?"

त्याने तसं अजून कुणाच्या बाबतीत पाहिलं नव्हतं. हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. पण वहिनीच्या कपाळावर तेव्हा जी आठी पडली ती ऑपरेशन होईपर्यंत गेली नाही.

थिएटरमागच्या सामानाच्या खोलीत तिने मुदत संपलेल्या रक्तावर तालीम केली. मी बघायला गेले. रक्त धुण्याचं एक मशीन असतं. त्यात एक पारदर्शक ड्रम गरगर फिरतो. लाल पेशी जड, त्या तळाला आणि कडेला जाऊन बसतात. वरचं नको असलेलं पाणी निघून जातं, तळाचं रक्त पिशवीत जमा होतं. एकच मोठं बटण दाबलं की सगळं मशीनच करतं. तिने आजवर हजारदा केलं असेल, बोलता बोलता, न बघता.

"इथे मात्र सगळं उलटं आहे," ती म्हणाली. "हे दूध रक्ताहूनही जड आहे. ते तळाला जातं. लाल त्याच्या वर तरंगतं. नेहमीचं बटण दाबलं तर मशीन काय करेल, सांग."

"वरचं टाकून देईल आणि तळाचं ठेवील."

"म्हणजे जे काढायचं तेच रक्ताबरोबर जपून पिशवीत भरेल. म्हणून पहिली फेरी हाताने करायची. वरचं ठेवायचं, तळाचं टाकायचं. मग दुसरी फेरी नेहमीसारखी."

मी म्हटलं, "त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेव. घाईत हात जाईल."

"मी काय शिकाऊ आहे का?" ती म्हणाली.

तिच्या स्वभावाचं औषध कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी आईला ट्रॉलीवरून थिएटरच्या दाराशी आणलं. नातेवाईक म्हणून मला आत यायला मनाई होती. वहिनीलाही असायला हवी होती, पण दुधाची तालीम दुसऱ्या कुणीच केली नव्हती, म्हणून मोठ्या साहेबांनी नाइलाजाने तिला ठेवली. आईने तिच्याकडे टोपीपासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नीट धुशील ना माझं रक्त? की शुद्धीवर आल्यावर मी परत धुऊ?"

"धुवाच तुम्ही परत," वहिनी म्हणाली. "त्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

मी हात धुण्याच्या खोलीत उभी राहिले. तिथून एका मोठ्या काचेतून थिएटर दिसतं आणि आतलं बोलणं छताजवळच्या स्पीकरवर ऐकू येतं. एरवी ह्या काचेपलीकडे मी असते, आणि अलीकडच्या नातेवाइकांचं काय होत असेल याचा मी कधी विचार केलेला नव्हता. नळ्यांमधून आईचं रक्त पंपात आलं आणि दुधात मिसळून गुलाबी झालं. माणसाच्या अंगात असा रंग वाहताना मी कधी पाहिला नव्हता. पण यंत्रावरचे आकडे चांगले होते. मोठ्या साहेबांनी सुरेख हाताने जुनी झडप काढली, नवी बसवली. हृदय पुन्हा सुरू केलं, ते दोन-चारदा अडखळून चालायला लागलं. पंप थांबवला. आता आईचं बरंचसं रक्त आईच्या अंगात नव्हतं, वहिनीच्या यंत्रात होतं, दुधासकट.

"मॅडम, रक्त," मोठे साहेब म्हणाले. "प्रेशर कमी आहे."

"देते."

तिने ड्रम भरला. तेवढ्यात छातीत कुठूनतरी रक्त झिरपायला लागलं, साहेब ओरडले, भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "प्रेशर उतरतंय," आणि तीन माणसं एकदम तिला काहीतरी सांगायला लागली. तिची मान पडद्याकडे होती. हात मशीनकडे गेला आणि त्याने ते मोठं बटण दाबलं. मी ते काचेतून पाहिलं.

पिशवी भरली. भूलवाल्या डॉक्टरांनी ती घ्यायला हात पुढे केला. वहिनीने पिशवी दिव्यासमोर धरली.

"थांबा," ती म्हणाली. "माझी चूक झाली. पहिल्याच फेरीला मी नेहमीचं बटण दाबलं. ह्यात दूध तसंच आहे. मला परत फिरवावं लागेल."

अशी चूक झालेली माणसं काय काय करतात ते मी पाहिलेलं आहे. मशीन बिघडलं म्हणतात. आवाज आला नाही म्हणतात. सगळ्यात सोपं म्हणजे काहीच म्हणत नाहीत, कारण पिशवी नुसती जराशी फिकी दिसत होती आणि ते तिच्याखेरीज कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

"किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही फेऱ्या होईपर्यंत."

"तेवढा वेळ नाहीये! आकडा दिसतोय ना? द्या ती पिशवी. थोडं दूध गेलं तर शरीर काढून टाकतं. कंपनीच सांगते."

"कंपनीची फुप्फुसं धड आहेत. ह्यांची नाहीत."

"मॅडम, पेशंट माझा आहे. पिशवी द्या."

"नाही देणार."

हा शब्द त्या थिएटरात कुणी ऐकलेला नव्हता. सक्शन धरलेली नर्स माझी मैत्रीण, ती नंतर म्हणाली की तिला वाटलं आपले कानच खराब झाले. वहिनीने नळीला चिमटा लावला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"मग फेकून द्या ते!" साहेब गरजले. "मी सलाइनवर भागवतो."

"फेकणारही नाही. ह्या गटाचं रक्त आत्ता फक्त दोन ठिकाणी आहे. त्यांच्या अंगात आणि माझ्या मांडीवर."

"तुमच्या चुकीपायी बाई दगावेल!"

"चूक माझीच आहे. म्हणून निस्तरतेय."

"उद्यापासून माझ्या थिएटरात दिसायचं नाही."

"उद्याचं उद्या बघू. आत्ता ते सक्शन चालू ठेवा. छातीतलं सांडलेलंही मला पाहिजे."

आणि मी? मी साहेबांच्या बाजूची होते. स्पष्टच सांगते. पडद्यावरचा आकडा माझ्या आईचा होता आणि तो उतरत होता. मी काचेवर दोन्ही हात आपटून ओरडत होते, "दे ना ती! देऊन टाक!" तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ड्रमकडे वळली. त्या क्षणी ती मला आयुष्यात सगळ्यात जास्त नकोशी झाली. त्याची मला आजही लाज वाटत नाही. आई माझी होती.

भूलवाले डॉक्टर औषधांवर औषधं देऊन प्रेशर कसंबसं धरून होते. वहिनीने ड्रम हळू फिरवायला सुरुवात केली. कडेला पांढरं कडं धरायला लागलं, त्याच्या वर लाल. वरून लाल ओढून घेताना पांढऱ्याच्या अलीकडे थोडं लाल सोडून द्यावं लागतं. हाव केली की पांढरं पुन्हा येतं. ते सोडलेलं प्रत्येक बोटभर रक्त आईचं होतं आणि बदली मिळणार नव्हतं. ती सोडत होती. मग दुसरी फेरी, जोरात, नेहमीची. पिशवी भरली तेव्हा रंग गडद होता. तिने ती पुन्हा दिव्यासमोर धरली, साहेबांचा चेहरा बघून नाही, स्वतःचं समाधान होईपर्यंत. मग म्हणाली, "घ्या."

रक्त चढलं. आकडा आधी नुसता थांबला. मग वर यायला लागला. साहेबांनी छाती शिवली.

बाहेर बाकावर दादा बसला होता. वहिनी टोपी काढून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. "चूक मी केली, आणि अडवून धरलं तेही मीच. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक." दादाने फक्त तिला बसायला जागा करून दिली. खाली न्यायला आज कचराही नव्हता.

आईला शुद्ध आली, फुप्फुसं चांगली चालत होती, पण मूत्रपिंडांनी संप पुकारला. प्रेशर बराच वेळ कमी राहिल्याचा हा परिणाम, असं साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. डायलिसिस करावं लागलं. मी वहिनीला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"तुला तेव्हाच देता आलं असतं."

"आलं असतं."

"आज हे झालं नसतं."

"कदाचित नसतं."

"मग?"

"मग काय? जे फिकं आहे हे मला डोळ्यांनी दिसतंय, ते आईंच्या अंगात मी घालणार नव्हते. तू शिव्या घाल. मी इथेच आहे."

मी घातल्या. चांगल्या मनसोक्त घातल्या. ती ऐकत उभी राहिली आणि मग आईच्या खोलीत जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मला तिची समजूत काढता आली असती, पण तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

पुढे एका दुपारी आईच्या लघवीच्या पिशवीत पिवळं पाणी दिसलं. मोठी झालेली, नोकरी करणारी आम्ही तीन माणसं त्या पिशवीभोवती उभी राहून हसत होतो. आई म्हणाली, "काय वेडी माणसं आहेत." डायलिसिस बंद झालं.

पण साहेब विसरले नव्हते. चौकशी बसली. हॉस्पिटलच्या अधीक्षकबाई, मोठे साहेब, भूलवाले डॉक्टर. काचेमागून पाहिलं म्हणून मलाही बोलावलं. साहेबांचं म्हणणं अगदी चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. थिएटरात एकाचाच शब्द चालावा लागतो, नाहीतर माणसं मरतात. वहिनीने दोन माफ्या मागाव्यात, असं त्यांनी सांगितलं. एक चुकीच्या बटणाची, एक आज्ञा मोडल्याची.

"पहिली मागते," वहिनी म्हणाली. "मनापासून मागते. मला चिकटपट्टी लावायला सांगितलं होतं आणि मी लावली नाही. दुसरी मागणार नाही."

"ते दूध अंगात गेलं असतं तर काही बिघडलं असतं, हे तुम्ही सिद्ध करू शकता?" साहेबांनी विचारलं.

"नाही करू शकत. ते सिद्ध करायला आधी आईंच्या अंगात घालून बघावं लागलं असतं."

भूलवाले डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. अधीक्षकबाई म्हणाल्या, "पुन्हा अशी वेळ आली तर?"

"पुन्हा नाही म्हणेन."

तिला पंपावरून उतरवलं. निकाल लागेपर्यंत त्या सामानाच्या खोलीत नळ्या मोजत बसायचं. ती वेळेवर जायची, दोन मोजे घालून बसायची, जाता-येता साहेब दिसले तर सगळ्यांच्या आधी ठणठणीत आवाजात "नमस्कार, साहेब" म्हणायची. हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने कुणाशीच टाकलं नाही.

निकालाआधी पेशंटचं म्हणणं घ्यायचं होतं. त्यासाठी अधीक्षकबाई स्वतः आईच्या खोलीत आल्या. आई उशीला टेकून बसली होती, मी तिच्या केसांतून कंगवा फिरवत होते. बाईंनी जे झालं ते सगळं सांगितलं. चुकीचं बटण, मांडीवरची पिशवी, उतरणारं प्रेशर, मूत्रपिंडं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. आईला ह्यातलं बरंचसं आम्ही सांगितलेलंच नव्हतं. माझा हात थांबला.

"तर आजी," बाईंनी विचारलं, "तुमच्या सुनेबद्दल तुमची काही तक्रार आहे का?"

मी डोळे मिटले. हा प्रश्न कुठल्याही सासूला कधीही विचारू नये.

"आहे ना," आई म्हणाली. "बसा."

बाई बसल्या.

"कपड्यांच्या घड्या धड घालत नाही. दार आपटते. मी बोलत असले की 'बरं' म्हणते आणि करायचं तेच करते."

"मी ऑपरेशनबद्दल विचारतेय, आजी."

"मीही तेच सांगतेय. आदल्या दिवशी मी तिला जवळ बसवून बजावलं होतं. म्हटलं, बाई गं, घरात माझ्याशी भांडतेस ते भांड, पण तिथे साहेब सांगतील तसं मुकाट्याने कर. माझा जीव त्यांच्या हातात आहे. 'बरं' म्हणाली. आणि आत जाऊन काय केलं ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. साहेबांचं ऐकलं नाही, माझंही ऐकलं नाही."

तिला धाप लागली नाही. एवढं सलग बोलून तिला धाप लागली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि माझे डोळे भरून आले.

"म्हणजे तक्रार आहे असं समजू?" बाईंनी विचारलं.

"आहे म्हणजे आहेच. घड्यांचं लिहा. दाराचं लिहा. ऐकत नाही, हेही लिहा. आणि त्याच्याखाली लिहा, की माझी छाती पुन्हा उघडायची वेळ आली तर पंपावर हीच बसलेली असेल. नसेल, तर मी घरातून निघणार नाही."